बुटाच्या खोक्याएवढी दुर्बीण आणि मायची खुर्ची

आमची दुर्बीण बुटाच्या खोक्याएवढी होती. गावात हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "मंग एवढ्याशासाठी इतकी वर्सं तिकडं राहिलीस व्हय?" मला राग यायचा. मला राग पटकन येतो, मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणींवर शेकडो माणसं काम करतात, तिथं माझ्यासारखीला कोण विचारतंय! आमच्या खोक्यावर आम्ही मूठभर होतो, आणि आज तिनं आकाशाच्या कुठल्या तुकड्याकडे तोंड करायचं हे ठरवणाऱ्यांत मी होते. वालूरच्या पुढं एका गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत जिचं घर, कापूस वेचणारीची जी पोरगी, ती हे ठरवायची. मला त्याचा माज होता. का असू नये?

काम काय ते एकदाच सांगून टाकते. आपली आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांचं एक मोठं गाव समजा. त्या गावाच्या बाहेर, चहूबाजूंनी, तापलेल्या वायूचा घेर आहे. लाखो अंश तापलेला, पण इतका विरळ की डोळ्याला काहीच दिसत नाही. त्यातून अगदी मंद क्ष-किरण निघतात, ते हवेतून खाली येत नाहीत, म्हणून यंत्र वर पाठवावं लागतं. शास्त्रज्ञांचा कित्येक वर्षं मेळ बसत नव्हता. विश्वात जेवढं साधं द्रव्य असायला हवं तेवढं मोजणीत भरेना. उरलेलं गेलं कुठं? तर शक्यता अशी की त्यातलं बरंचसं बाहेरच्या या घेरात असावं, आणि दिसत नाही म्हणून कुणी धरलेलंच नसावं. ते धरायला आमचं खोकं गेलं होतं. अडचण एकच. सूर्याकडून येणारे कण आपल्या आसपासच्या वायूवर आदळले की तसलाच उजेड पडतो आणि लांबचा म्हणून फसवतो. म्हणून तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघायचा. जो उजेड कमीजास्त होतो तो जवळचा, जो हलत नाही तो लांबचा. माझी उमेदीची वर्षं या बघण्यात गेली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

लहान यंत्राचं आयुष्यही लहान. दुर्बीण रोज थोडी थोडी खाली येत होती, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. शेवटी हवेत शिरली आणि जळून गेली. परदेशातल्या ज्या विद्यापीठाच्या तळघरात मी बसायचे तिथं त्या दिवशी केक कापला. मी खाल्ला नाही. एक जण म्हणाला, अगं, यंत्र होतं ते. त्याला मी जे बोलले ते मराठीत बोलले, म्हणून आमचं बोलणंचालणं टिकलं. मग रजा टाकली आणि मायकडे आले. सेलूच्या एसटी स्टँडवर चुलतभाऊ न्यायला आला होता. बॅग उचलायच्या आधी त्यानं विचारलं, "पडलं म्हणं तुमचं यान? कोनाच्या वावरात पडलं?"

आता माय. माझी माय मालकाच्या शेतात मजुरी करते. मालक म्हणजे गावातला मोठा जमीनवाला, पूर्वीचा सरपंच, आता शाळा समितीचा अध्यक्ष. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून मालकाच्या कापसात, तुरीत, सोयाबीनमध्ये राबून मायनं मला शिकवलं. आता मी पैसे पाठवते, पक्की खोली बांधली, फ्रीज घेतला, पण कामावर जायचं तिनं सोडलं नाही. "घरात बसून भिंतीसंगं बोलू का?" म्हणते. वस्तीतल्या बायका, बांधावरची भाकर, एकमेकींच्या सुनांच्या चहाड्या, हे तिचं सगळं जग आहे. ते माझ्या पगारात बसत नाही.

आणि माय खुर्चीवर बसत नाही. घरात प्लास्टिकची एक खुर्ची आहे, तिच्यावर कायम धुतलेल्या कपड्यांचा ढीग. मालकाच्या दारात तर प्रश्नच नाही. बाजारच्या दिवशी तिथं मजुरी मिळते. मालक बाहेर येईपर्यंत बाया उभ्या. मालक खुर्चीत टेकले की बाया जमिनीवर, एक गुडघा वर, पदर डोक्यावर. बसा असं कुणी म्हणत नाही, कारण म्हणायची गरज कधी पडलीच नाही. मालक लय चांगला माणूस, असं सगळं गाव सांगतं. ओरडत नाही, शिवी देत नाही, मजुरी थकवत नाही. त्यांना काही करावंच लागत नाही ना!

मी आल्याचं कळल्यावर शाळेचे हेडमास्तर मोटारसायकलवर घरी आले. मी त्याच शाळेत शिकले, शाळा सरकारी. म्हणाले, "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की तुमचा सत्कार. पोरांना ती दुर्बीण समजून सांगा, प्रोजेक्टर हाय आपल्याकडं. अन् आईंचाबी सत्कार करायचाय. त्या स्टेजवर बसतील."

माय दारात उभी होती. तिनं विचारलं, "खुर्ची असंल का, गुरुजी?"

"असंल की, माय. पहिल्या लायनीत."

हेडमास्तर गेले. माय भांडी आवरत राहिली. मग तिथूनच म्हणाली, "मी बसणार बरं का. मला खालून कवाच काय दिसत न्हाई, समद्यांची डोसकी मधी येतेत. तुझं ते खोकं मला पडद्यावर नीट बघायचंय." आयुष्यात तिनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही, आणि मागितलं ते हे. मी त्याच क्षणी ठरवलं, भाषण गेलं खड्ड्यात, माय खुर्चीवर बसली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, पोरीला घेऊन ये. आम्ही गेलो. मला सोफ्यावर बसवलं. माय उंबऱ्यालगत फरशीवर बसली. मला बशीसकट कपात चहा, तिला स्टीलच्या पेल्यात. तो पेला तिचाच, ती चहा पिऊन स्वतः विसळते आणि बाहेरच्या कट्ट्यावर पालथा घालते. मी लहानपणी हे रोज बघितलं होतं. मधल्या काळात मला वाटलं होतं की हे संपलं असेल. शिकलेल्या माणसाला असं काहीबाही वाटत असतं.

मालक म्हणाले, "त्या दुर्बिणीनं शेतकऱ्याला काय फायदा?"

"काही नाही."

"असं कसं? पावसाचं तरी सांगत असंल."

"नाही सांगत. पावसाच्या ढगाच्या लय पलीकडचं बघते ती."

ते हसले. छान हसतात. "चला, म्हंजे सवलतीत शिकायचं अन् बिनकामाचं बघायचं. मज्जा हाय बुवा तुमच्या लोकांची." आणि आवाज जराही न बदलता पुढं म्हणाले, "भाषणात दोन शब्द घाला. या गावानं घडवलं, असं."

"शाळेनं घडवलं असं म्हणेन. गावानं काय काय केलं ते सांगायला लागले तर जिलेबी वाटायची राहून जाईल."

त्यांचं हसू तसंच राहिलं. मायकडे वळून म्हणाले, "पोरगी तिखट हाय गं तुझी."

"लहानपणापून तशीच हाय, मालक. मनावर घेऊ नका," माय म्हणाली आणि ओशाळं हसली. ते हसू बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "माय, वर बस की इथं, जागा आहे." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला.

परत येताना ती पुढं आणि मी मागं. पांदणीच्या वळणावर थांबून म्हणाली, "त्यांच्या घरात मी वर बसणार न्हाई अन् तू मला सांगू बी नको. शाळंत बसंन. शाळा समद्यांची हाय."

मग आमची तयारी सुरू झाली. मी खुर्चीवरचे कपडे काढले, अंगणात ठेवली आणि मायला बसवली. मी समोर उभी राहून भाषण म्हणायचे आणि ती बसायचं शिकायची. आधी टोकाशीच टेकली, उडून जायच्या बेतात. "पाठ टेक की." "पडंन ना मी!" "अगं, खुर्ची आहे, झोका नव्हं." हळूहळू पाठ टेकली. हात कुठं ठेवायचे ते कळेना, मग मांडीवर ठेवले. शेजारच्या बाया कुंपणावरून बघून फिदीफिदी हसायच्या, "आता कलेक्टरीन झाली बया!" माय त्यांना म्हणायची, "या, तुमचेबी अर्ज घेते."

आणि तिचे प्रश्न! "लाखो डिग्री तापलेलं, अन् हात घातला तर चटका बसत न्हाई? मंग कसलं मेलं तापलेलं? माझ्या तव्याला इचार." मी म्हणाले, चुलीतली एकुलती एक बारीक ठिणगी हातावर पडली तर फोड येतो का? ठिणगी लय तापलेली असते, पण असते केवढीशी. हा वायू म्हणजे कोसकोसभर अंतरावर एकेक ठिणगी. ते तिला पटलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पर ते गावाभाईर का राहतंय? आत का येत न्हाई?"

"आत यायचं तर त्याला थंड व्हावं लागतं, माय. तापलेलं आहे तोवर बाहेरच."

"हां. मंग तुझंच खानदान हाय ते," माय म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की ती खुर्चीवरून घसरायच्या बेतात आली. ते दोन-तीन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते.

सव्वीस जानेवारीला माय निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून माझ्याआधी तयार. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लावला होता. त्यावर एक रॉकेट, कोपऱ्यात मी, आणि माझ्या तिप्पट मोठे मालक. झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली. मालक झेंड्याला आले नव्हते, ते नेहमी नंतर येतात. स्टेजवर पांढरे अभ्रे घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे मालकांसाठी सोफा. हेडमास्तरांनी मायचा हात धरून तिला कडेच्या खुर्चीवर बसवलं.

माय बसली. पाठ टेकून, हात मांडीवर, शिकवल्याप्रमाणे. समोर सगळी शाळा, मागं गाव, वस्तीतल्या बाया कडेला उभ्या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. पोरीसारखी हसली हो! मी मनात म्हणाले, बस, झालं माझं काम. आता दुर्बीण जळो नाहीतर राहो.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. मालक आले. सगळे उठून उभे राहिले, मायही उठली. मालक पायऱ्या चढून आले, हात जोडत सोफ्यापाशी गेले, बसले. सगळे बसले. माय पण बसली. खाली. खुर्चीच्या शेजारी, स्टेजच्या सतरंजीवर, एक गुडघा वर, पदर डोक्यावर. कुणी काही म्हणालं नव्हतं. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

एक क्षण मला कळलंच नाही काय झालं ते. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. दुसरी वाजली. मालकांनी बसल्या जागेवरून माईक मागून घेतला. "याला म्हणतेत संस्कार," ते म्हणाले. "पोरगी सातासमुद्रापार गेली, पर आई जमीन विसरली न्हाई. पोरांनो, शिकून घ्या." सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. ज्या पोरांना मी आकाश दाखवायला आले होते त्यांनी वाजवल्या. वस्तीतल्या एकदोघींनीही वाजवल्या, त्यांची नावं मला माहीत आहेत.

मी उठले. मायपाशी गेले, दंडाला धरलं आणि म्हणाले, "वर बस."

"सोड," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"वर बस म्हणते ना!"

"सोड गं, लोक बघायलेत."

मी ओढलं. तिनं अंग जड केलं. मी आणखी जोर लावला. त्या ओढाताणीत खुर्ची कलंडली, डोक्यावरचा पदर घसरला, आणि पोरं हसली. पोरंच ती, हसणारच. हेडमास्तर खुर्ची उचलायला धावले. मी मायला काखेत धरून उचललं आणि त्या खुर्चीवर बसवलं, आणि ती पुन्हा उतरू नये म्हणून तिच्या खांद्यावर हात दाबून तिथंच उभी राहिले. मालक हात जोडून मायला म्हणाले, "बसा, बसा. उठू नका आता." आयुष्यात पहिल्यांदा ते तिला 'बसा' म्हणाले. सगळा मांडव हसला.

मी तसंच भाषण केलं. एका हातात माईक, एक हात मायच्या खांद्यावर. पडद्यावर दुर्बिणीचं चित्र आलं. तापलेल्या वायूचं, हरवलेल्या द्रव्याचं, ठिणगीचं सगळं सांगितलं, एक शब्द चुकले नाही. आवाज कापत होता तो रागानं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, ते वायू दिसत न्हाईत तर हायत हे कशावरून? मी तिला नीट उत्तर दिलं. माय मान खाली घालून मांडीवरच्या हातांकडे बघत होती. ते खोकं पडद्यावर आलं आणि गेलं, तिनं मान वर केली नाही.

घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, चूल पेटवली, आणि मग सुरू झाली. "कोनी ऐकलं तुझं यंत्र? समद्यांनी माझा तमाशा बघितला."

"तू खाली का बसलीस?"

"मी बसले का? मालक आले, पाय आपोआप मोडले. माझे पाय हायत ते, तुझे न्हाईत. ह्याच पायांच्या जिवावर शिकलीस."

"म्हणून त्या माणसासमोर—"

"त्या माणसानं मला आजवर हात लावून बसवलं न्हाई. तू बसवलंस. समद्या गावाम्होरं, शेरडी उचलावी तसं."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. मी अजून म्हणते की मी केलं ते बरोबर होतं. आईला जमिनीवर बसवून मी आकाशावर बोलायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखी भाकर बांधली. मी म्हणाले, आज नको जाऊ. ती गेली. फरदडीची, म्हणजे हंगाम सरल्यावर पुन्हा फुटलेल्या कापसाची, शेवटची वेचणी चालू होती. दुपारी मला राहवेना. तिच्या आवडीचं पिठलं केलं, डबा घेतला आणि समजूत काढायला मालकाच्या शेताकडे निघाले.

लांबूनच दिसलं. कापसात बाया वाकलेल्या, ओट्या भरलेल्या, आणि भर उन्हात, ओळींच्या मधोमध, एक खुर्ची. शाळेतलीच, पांढऱ्या अभ्र्याची. तिच्यावर माय. पाठ टेकलेली, हात मांडीवर.

मी धावत गेले. मुकादम आडवा आला. हा मालकाकडे बाया आणणारा माणूस, मला पोरपणापासून ओळखतो. म्हणाला, "ताई, माझ्यावर चिडू नका. मालकाचा हुकूम हाय. सकाळीच गाडीत घालून खुर्ची आणली त्यांनी. शास्त्रज्ञाच्या आईनं आता वाकायचं न्हाई, म्हणले. पुरी मजुरी द्यायची. फक्त उठू द्यायचं न्हाई."

"आणि ती उठली तर?"

"उठली व्हती. मालक स्वतः आले, हात जोडले. 'आवो, तुमी बसा. तुमच्या लेकीला राग येतो,' म्हणले."

बायांपैकी कुणी हसत नव्हतं. सकाळी हसल्या होत्या म्हणे. खुर्चीजवळच्या ओळीतली एक बाई मान न उचलता वेचत होती, मायची अगदी जिवाभावाची. तीही बोलत नव्हती. जमिनीवर वाकलेल्या बाईनं खुर्चीतल्या बाईशी सुनेच्या चहाड्या करायच्या तरी कशा?

मी मायच्या समोर उभी राहिले. तिचा चेहरा उन्हानं तांबडा झाला होता. मी म्हणाले, "ऊठ, माय. चल घरी." आणि नकळत माझा हात पुढं गेला.

"हात लावू नको," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सुट्टी झाली की येते."

डबा मी तिच्या पायाशी ठेवला. परत येताना डोक्यात भलतंसलतं येत होतं. ठाण्यात जाईन, फिर्याद देईन. पण सांगायचं काय? साहेब, माझ्या आईला खुर्ची दिली? काम न करता पूर्ण मजुरी दिली? हात जोडले, अहोजाहो केलं? लिहून घेणारा मालकालाच शाल घालेल. सगळ्या कायद्याच्या पुस्तकात त्या खुर्चीचं कलम कुठं शोधू? त्या माणसानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी देवाबिवाला मानत नाही, पण त्या दिवशी मला वाटलं की कुणीतरी असावं आणि त्यानं मालकाचं वाटोळं करावं.

मला वाटलं एका दिवसात हौस फिटेल. नाही फिटली. रोज खुर्ची बांधावर तयार असायची. मी मायच्या पाया पडले, नको जाऊस, माझ्याबरोबर चल, नाहीतर परभणीला खोली घेऊ. ती म्हणाली, "मी न्हाई गेले तर तो म्हणल, बसली घरात. गेले तर म्हणतो, बसा. मंग जिथं माझ्या बाया हायत तिथं बसते." त्या बाया आता तिच्याशी बोलत नव्हत्या. हे मी तिला बोलून दाखवलं नाही, तिला माझ्याआधी कळलेलं होतं.

मधेच हेडमास्तरांनी कार्यक्रमाचा फोटो पाठवला. मी माईकवर बोलतेय, मागं पडद्यावर दुर्बीण, आणि माझा हात मायच्या खांद्यावर. मी तो विचार न करता तिकडच्या एका मैत्रिणीला पाठवला. तिनं सगळ्यांना दाखवला. दुर्बिणीच्या निरोपाची एक शेवटची सभा होती, त्यात तो फोटो मोठा करून लावला म्हणे. आई आणि मुलगी, किती सुंदर, किती माया आहे त्या हातात, असं सगळे म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. तो हात काय करत होता ते इंग्रजीत सांगता आलं असतं, पण मग त्यांना पुढचंही सांगावं लागलं असतं.

रजा संपली. आदल्या दिवशी मी मायला म्हणाले, उद्या सेलूपर्यंत तरी ये, एसटीला सोडायला. सकाळी मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीच्या तोंडाशी थांबला आणि हॉर्न वाजला. मायनं फडक्यात भाकर बांधली, डोक्यावर पदर घेतला, माझ्या बॅगेकडे एकदा बघितलं आणि निघाली. ती कामावर गेली, बसायला.